तो काळा डब्बा काढला होता का हो?

सिंहगडाच्या पायथ्याला, डोणजे खडकवासला साईडला मी वायरलेस इंटरनेट देतो. म्हणजे लोकांना तसं वाटतं. गच्चीवर रेडिओ, म्हणजे सिग्नल पकडणारा अँटेनावाला डब्बा, बसवायचा, टॉवरकडे तोंड करायचं, घरात राऊटर, झालं. पण खरं सांगू का, या धंद्यात इंटरनेटचा प्रॉब्लेम क्वचित असतो, बाकी सगळा जन्म त्या काळ्या डब्ब्यांच्या, म्हणजे अडॅप्टरच्या मागे जातो.

फोन ठरलेला. "नेट गेलंय." मी विचारतो, डब्ब्यावरचा दिवा लागलाय का? "अहो लाईट आहे घरात, फॅन फिरतोय की!" फॅनचा आणि त्या डब्ब्याचा काही संबंध नाही हे सांगेपर्यंत पलीकडून फोन सूनबाईंकडे गेलेला असतो आणि परत सगळं पहिल्यापासून.

आता गच्चीवर रेडिओला वेगळा प्लग कोण देणार, म्हणून नेटच्या केबलमधूनच करंट वर पाठवतात, पीओई म्हणतात त्याला. याचं रीतसर स्टँडर्ड २००३ साली आलं, ८०२.३एएफ, ते फार सभ्य, आधी समोर कोण आहे ते विचारतं, ओळख पटली तरच ४८ च्या आसपास व्होल्ट सोडतं. आमच्या स्वस्तातल्या रेडिओचं २४ व्होल्टवालं पॅसिव्ह मात्र बिनधास्त. केबलमधल्या आठ वायरींपैकी ४-५ नंबरच्या वायरीवर प्लस, ७-८ वर मायनस, बटण दाबलं की निघालं, समोर रेडिओ असो नाहीतर आणखी काही. करंट वर पाठवणाऱ्या त्या डब्ब्याला दोन सॉकेट, एकावर पीओई लिहिलेलं, ते गच्चीकडे, एकावर लॅन, ते राऊटरकडे. दिवाळीची साफसफाई करताना दोन्ही वायरी काढून पुसून, परत लावताना हमखास उलट्या लावायच्या, मग २४ व्होल्ट गच्चीऐवजी राऊटरच्या पोटात. "आम्ही कशालाच हात लावला नाही हं" हे वाक्य मला घरात शिरायच्या आधीच ऐकवलं जातं, तेव्हाच मी काय ते समजतो.

गणपतीत तर विचारू नका. एका घरी राऊटर बंद, अडॅप्टर जागेवर नाही. शोधतोय शोधतोय, तर तो मखरामागे, पाच मीटर एलईडी पट्टीला जोडलेला! पिन बसली, दिवे लागले, अजून काय पाहिजे. आता त्या जातीची भारीवाली पट्टी मीटरला चौदा वॅटच्या आसपास खाते, म्हणजे सगळी मिळून सत्तर, आणि आमचा अडॅप्टर १२ व्होल्ट १ अँपिअरचा, बारा वॅटचा जीव. हात लावला तर चटका. बाप्पांसमोर काही बोलताही येईना, मोदक खाल्ला, दुसरा अडॅप्टर दिला आणि निघालो.

लोकांची भीतीही नेमकी उलटी असते. १ अँपिअरच्या जागी २ चा दिला की "जास्त करंट जाऊन जळणार नाही ना?" अहो नाही जळत, राऊटर त्याला लागेल तेवढंच ओढतो, अँपिअर जास्त असले तर चांगलंच आहे. व्होल्ट मात्र जेवढे लिहिलेत तेवढेच पाहिजेत, आणि त्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. पोराच्या गिटार पेडलचा अडॅप्टर, ९ व्होल्ट, वर त्यात मधली पिन मायनस, आपल्या राऊटरला मधली प्लस लागते, पण पिन तर तश्शीच बसते ना, मग लावून बघायला काय जातंय! राऊटर जातो, दुसरं काय.

त्यात केबल. कोणीतरी तापकीर गल्लीतून स्वस्तातली केबल आणून ठेवतो, "घरात पडून आहे, हीच वापरा". सोलून बघावं तर वरून तांब्याचा मुलामा, आत अ‍ॅल्युमिनियम. त्याचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त, लांब टाकली की खालून निघालेले २४ व्होल्ट वर पोचेपर्यंत दमतात. दिवसा ठीक चालतं, संध्याकाळी सगळे सीरियल मॅच बघायला बसले की रेडिओला जोर लावायला लागतो, तेवढ्यात तो रिस्टार्ट. मग स्पीडच्या नावाने आमचा उद्धार.

पण सगळ्यात छळलं ते धायरीच्या एका काकांनी. रिटायर्ड इंजिनिअर. राऊटर दर थोड्या वेळाने चालू-बंद, मी म्हटलं अडॅप्टर गेला. काका आतून स्वतःचा मल्टीमीटर, व्होल्ट मोजायचं मीटर, घेऊन आले. "हे बघा, १२.१. अडॅप्टर ओके आहे. तुमचंच सिग्नल वीक आहे." आता मोकळ्या अडॅप्टरचे व्होल्ट बघून काय कळतंय? आतला कपॅसिटर, म्हणजे व्होल्ट स्थिर ठेवणारा पार्ट, सुकलेला असतो, त्यामुळे अडॅप्टर काम नसताना पूर्ण १२ दाखवतो आणि लोड आला की मान टाकतो. मी बॅगेतून बाईकच्या इंडिकेटरचा १० वॅटचा बल्ब काढला, दोन वायरी लावलेला असतोच माझ्याकडे, तो जोडला आणि म्हटलं आता मोजा. बल्ब पिवळट, मीटरवर साडेसात. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत मोजलं. परत साडेसात. माझ्याच बॅगेतला नवीन जोडला, बल्ब लख्ख, ११.९.

"हा बल्ब कुठे मिळतो हो?" काका म्हणाले. मी म्हटलं कुठल्याही गॅरेजवर.

तिथेच घोळ झाला. आता काका सोसायटीभर बल्ब घेऊन फिरतात, प्रत्येकाचा अडॅप्टर तपासतात आणि रात्री साडेदहाला मला फोन. "अहो, तिसऱ्या मजल्यावरच्या कॅमेऱ्याचा १०.८ येतोय, चालेल का?" कॅमेरा माझा नाही, तिसऱ्या मजल्यावरचे माझे कस्टमरही नाहीत. "ते राहू द्या," काका म्हणतात, "आकडा सांगितला ना, तुम्ही फक्त हो की नाही सांगा."