झीवर्टचे गुण ८७९० की ७१४७?

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: माझ्या लेखातले, जर्मन खेळाडू हान्स-हाइनरिख झीवर्टचे डेकॅथलॉनमधले (दहा क्रीडाप्रकारांची स्पर्धा) १९३४ चे ८७९०.४६ गुण खरे असूच शकत नाहीत, कारण हल्लीच्या याद्या ७१४७ दाखवतात. केविन मायेरचा २०१८ चा विक्रमच ९१२६ आहे, तेव्हा नाझी काळातल्या जर्मनांनी आकडा फुगवला असणार.

फुगवलेला नाही. झीवर्टची हँबर्गमधली कामगिरी तीच, गुणांची कोष्टकं (कुठल्या कामगिरीला किती गुण, ते सांगणारे तक्ते) दोन. लेखात कोष्टक सांगायचं राहून गेलं, ही चूक मात्र माझी.

जुन्या कोष्टकात १९१२ च्या ऑलिंपिक विक्रमाला १००० गुण होते. पुढे-मागे सरळ हिशेब, तोही अपूर्णांकात. म्हणून तो .४६. त्या १९१२ च्या ऑलिंपिकात, स्टॉकहोमला, गोळाफेकीचा विक्रम झाला १५.३४ मीटरचा. झीवर्टने फेकला १५.३१, म्हणजे जवळपास हजार. थाळी ४७.२३ मीटर गेली. १९१२ चा विक्रम ४५.२१, तेव्हा तिथे हजाराच्याही वर. आजच्या, १९८५ च्या कोष्टकात याच दोन फेकींना ८०९ आणि ८१३ मिळतात. गुण घटले ते इथे.

स्वतः पडताळायचं असेल तर एक खाचखळगा सांभाळा. त्याच्या वेळा हाताने चालवलेल्या घड्याळाच्या आहेत, त्या विजेच्या घड्याळाशी जुळवून घ्याव्या लागतात. १०० मीटरच्या ११.१ मध्ये आधी ०.२४ सेकंद मिळवायचे, मग ११.३४ ला ७८६ गुण येतात. ११० मीटर अडथळ्यांनाही ०.२४, पण ४०० मीटरला ०.१४. हे विसरलात तर बेरीज ७१४७ च्या वर जाते आणि दोष कोष्टकावर येतो.

अमेरिकेच्या ग्लेन मॉरिसने १९३६ मध्ये बर्लिनला ७९०० गुणांनी विश्वविक्रम केला, तेही याच गोंधळात वाचलं जातं. ८७९० नंतर ७९०० हा विक्रम कसा? तोवर कोष्टक बदललं होतं, एवढंच. आजच्या हिशेबाने मॉरिस ७२५४, म्हणजे झीवर्टपेक्षा १०७ गुणांनी पुढे.

झीवर्टची खरी लंगडी बाजू बांबू उडी. (तेव्हा हे नाव शब्दशः खरं होतं.) लांब उडीत ७.४८ मीटरला आजचे ९३० गुण आणि इथे ३.४३ ला जेमतेम ४६४! चार मीटर पार केले असते तर ६१७ झाले असते, बेरीज ७३००, आणि आजच्या यादीत तो मॉरिसच्या वर दिसला असता.