आफ्रिकेत वाघ नसतो, काका

मी केनियात, मासाई मारात, तंबूत राहून तरसांचा अभ्यास करते. इकडे ठाण्याला, नौपाड्यात मात्र आईने सगळ्यांना 'सिंह' सांगून ठेवलंय. तरस म्हटलं की लोकांचा चेहरा पडतो आणि मग माझ्या लग्नाचा विषय निघतो, असं तिचं म्हणणं.

सुट्टीवर घरी आले की रोज संध्याकाळी कुणीतरी येऊन टेकतं. पहिला प्रश्न ठरलेला: वाघ किती दिसले? आफ्रिकेत वाघ नसतो म्हटलं की समोरचे काका माझ्या शिष्यवृत्तीवरच शंका घेतात. शेजारच्या काकूंना तर २०१९ची आठवण येतेच. त्या वर्षी समतानगरच्या मॉलमध्ये बिबट्या शिरला होता. "आपल्याकडे ते एसीत येतात गं. तू कशाला एवढी लांब जातेस?"

खरं काम सांगायची सोय नाही. तरस हाडंसुद्धा पचवतं, त्यामुळे त्याची विष्ठा वाळली की खडूसारखी पांढरी पडते. ती ताजी असतानाच गोळा करायची, नाव-तारीख घालून गोठवायची. त्यातल्या संप्रेरकांवरून कुणावर किती ताण आहे ते कळतं. हे मी समजावून सांगत होते तेव्हा समोर बटाटेवडे होते. आईने नंतर फक्त बश्या उचलल्या.

लोकांना थरार हवा असतो. थरार म्हणजे रात्री अडीचला लघवीला लागणं. तंबूची चेन जराशी उघडायची, बॅटरी चारी दिशांना फिरवायची आणि चमकणारे डोळे शोधायचे. तरस असलं तर चालतं. रानरेडा असला की चेन लावून सकाळपर्यंत देवाचं नाव घ्यायचं. बूट बाहेर ठेवायचे नाहीत, तरसं चघळायला नेतात. आत ठेवले तर सकाळी झटकायचे, विंचू असतो. आणि सियाफू मुंग्यांची फौज तंबूत शिरली तर तंबू त्यांच्या हवाली करून आपण निघायचं. तिथे हुज्जत चालत नाही.

जेवायला काय? चपाती, आणि दुधाचा गोड चहा. केनियात हे घरोघरी असतं. मावशीला ऐकून फसवल्यासारखं वाटलं.

मारात १९८८ पासून तरसांच्या पिढ्यानपिढ्यांची नोंद ठेवली जातेय. कोण कुणाची आई, कुणाची पणजी, सगळं लिहिलेलं. (आमच्या पणजीचं माहेर कुठलं, यावर घरात अजून दोन मतं आहेत.) तरसांत कारभार माद्यांचा, हे सांगितल्यावर मात्र काका सरसावून बसले. मुलीला आईच्या खालोखाल मान. नर मोठा झाला की बहुतेकदा जन्माचा कळप सोडतो, परक्या कळपात जातो आणि तिथे सगळ्यात खालच्या पायरीवर उभा राहतो. कालच्या पोरांनीही दटावलं तर बाजूला व्हायचं, सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायचं.

"अरेरे, बिचारा!" काका हळहळले.

आजी कोपऱ्यात वाल सोलत होती. मान वर न करताच म्हणाली, "बिचारा कसला? सून आहे ती."