जटायूला विसरू नका
रामायणावरचा तुमचा लेख आवडला, पण वनवासातून थेट लंकेच्या युद्धावर गेलात, जटायू राहूनच गेला! वाल्मीकींच्या अरण्यकांडात रक्तानं माखलेला जटायू दिसताच रामाला आधी वाटतं, यानंच सीतेला खाल्लं. तो बाण लावतो. सीतेला वाचवायला तो रावणाशी लढला हे कळल्यावर राम धनुष्य टाकून त्या गिधाडाला मिठी मारून रडतो. लक्ष्मणाला लाकडं आणायला सांगतो, स्वतः अग्नी देतो, गोदावरीवर तर्पण करतो. दशरथाला अग्नी देणं त्याच्या नशिबी नव्हतं, ते भरतानं केलं. वडिलांच्या या मित्राला मात्र त्यानं पोटच्या मुलानं पोचवावं तसं पोचवलं. इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदला हीच कथा सांगतात. तिथल्या कुंडापाशी आई दरवेळी हात जोडून बराच वेळ गप्प उभी राहते. पुढच्या भागात हा प्रसंग जरूर घ्या.