भिंत रंगवा, पण आधी बैठक घ्या

पुण्यातल्या कसबा पेठेतल्या आमच्या गल्लीत सध्या एका भिंतीवरून वाद पेटलाय. शेजारचा वाडा पाडला, नवी इमारत रखडली आणि उघड्या पडलेल्या भिंतीच्या पायथ्याशी लोक कचरा टाकू लागले. मंडळातल्या मुलांना तिथे मोठं चित्र काढायचंय. समोरचे काका ग्रुपवर रोज लिहितात, "ड्रेनेज तुंबलंय ते आधी बघा, रंगरंगोटी मग." मी अमेरिकेत फिलाडेल्फियात बसून दोन्ही बाजू वाचतो. काकांचा राग मला पटतो. त्यांचा निष्कर्ष मात्र पटत नाही.

राग का, ते सांगतो. स्वच्छ सर्वेक्षणाचे दिवस आले की पुण्यात भिंती भराभर रंगतात. जानेवारी २०२३ मध्ये जी-२० ची बैठक होती तेव्हाही रंगल्या. ठेकेदार येतो, वारली आकृत्या आणि एखादी घोषणा काढून जातो. भिंतीतली ओल कुणी पाहत नाही, प्रायमर धड लागत नाही, मग पाऊस पडला की पोपडे सुटतात. ज्यांच्या दारासमोर हे चित्र, त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. मग ते जपायचं कुणी?

फिलाडेल्फियातही अशा उघड्या भिंती भरपूर आहेत. एकमेकांना चिकटलेल्या घरांतलं एक पडलं की शेजारच्याची अख्खी बाजू उघडी पडते. तिथे १९८४ साली महापौर विल्सन गुड यांनी भिंती विद्रूप करणाऱ्या मुलांसाठी एक उपक्रम सुरू केला आणि जेन गोल्डन या चित्रकर्तीने त्या मुलांच्या हाती ब्रश दिले. त्यातूनच आजचा म्युरल आर्ट्स कार्यक्रम उभा राहिला. शहरात आता हजारो भित्तिचित्रं आहेत.

मला जास्त मोलाची वाटते ती त्यांची रीत. आधी वस्तीत बैठका होतात. काय काढायचं यावर लोक भांडतात, चित्रकार आराखडा बदलतो. मग चित्राचे तुकडे पॅराशूट क्लॉथ म्हणतात त्या पातळ कापडावर रेखून, कुठे कोणता रंग भरायचा त्याचे आकडे घालून वाटले जातात. शाळकरी मुलं, आजीआजोबा, अगदी तुरुंगातले कैदीही ते रंगवतात. शेवटी कापड भिंतीवर चिकटवतात. उंच परांचीवर चढता न येणाऱ्या म्हाताऱ्या बाईचाही त्या चित्रात हात असतो.

म्हणून तिथलं सगळं आलबेल आहे असं नाही. मोकळ्या जागेवर नवी इमारत आली की चित्र झाकलं जातं, आणि वस्ती देखणी झाल्यावर भाडी वाढली तर आम्ही कुठे जायचं, हा प्रश्न तिथले लोकही विचारतात. चित्राने गटार वाहतं होत नाही, काका शंभर टक्के बरोबर आहेत. पण चित्रासाठी जमलेली माणसं गटारासाठीही एकत्र अर्ज करू शकतात. पुणे महापालिकेत नागरिकांनी अंदाजपत्रकासाठी कामं सुचवायची सोय २००६ पासून आहे. फुटपाथ, दिवे अशी कामं तिथे मागता येतात. किती गल्ल्या मागतात?

कसब्याला बाहेरून काही शिकवायची गरज नाही. चित्रकार हर्षवर्धन कदम यांच्या पुणे स्ट्रीट आर्ट प्रोजेक्टने याच पेठेतल्या भिंती रंगवल्या आहेत. वर्गणी काढणं, मांडव घालणं, रात्र रात्र जागून देखावा उभा करणं हे मंडळांच्या अंगवळणी पडलेलं आहे. विषयही दाराशी आहे: तांबट आळीत भांड्यांवर ठोके घालणारे कारागीर. त्यांचे हात त्या भिंतीवर यावेत असं मला फार वाटतं, पण ठरवायचं गल्लीने, मी नव्हे.

मुलांना एवढंच सांगेन: रंग विकत घेण्याआधी बैठक बोलवा आणि अध्यक्षस्थानी काकांना बसवा. भिंतीच्या मालकाची लेखी परवानगी घ्या, गिलावा आणि गळती आधी दुरुस्त करा, दरवर्षीच्या डागडुजीसाठी वर्गणीतला थोडा हिस्सा बाजूला काढा. ड्रेनेजचा अर्जही त्याच बैठकीत लिहा, सगळ्यांच्या सह्यांनिशी. माझ्या वाटची वर्गणी मी आजच पाठवतो.