आकडा खरा की दर खरा?

वाद सुरू झाला अण्णांमुळे. त्यांना पंधरा वर्षांची साखर. "मधुमेहवाल्यांचं हृदय आता पूर्वीपेक्षा जास्त बिघडतंय. हॉस्पिटलं भरलीत, दिसत नाही का?"

लॅबमध्ये काम करणारा आमचा मित्र लगेच म्हणाला, "अण्णा, तुम्ही डोकी मोजताय. दर बघा. अमेरिकेत 1990 साली दर दहा हजार मधुमेही प्रौढांमागे 141 जण हार्ट अटॅकने दाखल व्हायचे. 2010 साली 45 च्या आसपास."

"मग खाटा रिकाम्या का नाहीत?"

"कारण त्याच वीस वर्षांत तिथले मधुमेही 65 लाखांवरून 2 कोटींच्या वर गेले. दर दोन तृतीयांश घटला, पण अटॅकवाल्यांचा एकूण आकडा जेमतेम हलला."

इथे ताईने बरोबर खोडा घातला. "1997 साली तिथे उपाशीपोटीच्या साखरेची निदानाची मर्यादा 140 वरून 126 वर आणली. म्हणजे सौम्य साखरेचे लोकही मधुमेही ठरले. भागाकारात खालचा आकडा फुगला की दर आपोआप कमी दिसतो." लॅबवाल्याने हे मान्य केलं, पण सगळं श्रेय तिकडे द्यायला तो तयार नव्हता. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्या), रक्तदाबाच्या गोळ्या, सिगारेट कमी होणं, यांनी खरोखर जीव वाचलेत. मलाही तसंच वाटतं. मर्यादा बदलल्याने एवढी मोठी घसरण होत नाही.

मला खटकत होतं ते वेगळंच. दोघंही अटॅकवरच अडकले होते. मधुमेहात हृदय आणखी एका वाटेने थकतं: हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाचा पंप कमजोर होणं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात वर्षानुवर्षं चाललेल्या हृदयरोगाच्या अभ्यासाने 1974 मध्येच दाखवलं होतं की मधुमेही पुरुषांत हा धोका दुपटीहून जास्त, तर बायकांत पाचपट. तरी कितीतरी वर्षं औषधांची परीक्षा अटॅक आणि स्ट्रोकवरच व्हायची. 2015 मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत हार्ट फेल्युअरने दाखल होणं 35 टक्क्यांनी कमी झालं, तेव्हा कुठे सगळ्यांचं लक्ष तिकडे वळलं. मूळ औषध साखरेचं, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारं!

"पण छातीत दुखलं की कळतंच ना," अण्णा म्हणाले. "माझी कधी दुखली नाही."

"मधुमेहात नसा बधिर होतात, अण्णा. अटॅकसुद्धा न दुखता येऊ शकतो," ताई म्हणाली. "आणि पंप थकतो तेव्हा तर दुखत नाहीच. दम लागतो, पाय सुजतात, आडवं पडलं की श्वास अडतो."

अण्णा जरा थांबले. "महिनाभर मी दोन उशा घेऊन झोपतोय."

दरांचा वाद तिथेच राहिला. ताईने अण्णांचा पायमोजा खाली केला. इलॅस्टिकचा वळ खोल उमटला होता. मी डॉक्टरांना फोन लावला.