फितूर व्हायचंय? मग घाई नको

फितुरी करायची ठरवलीच असेल, तर एक विनंती आहे. आपल्या साताऱ्याकडचा माणूस घाईत फितूर होतो आणि नातवंडांना तोंड लपवायला लावतो. सूर्याजी पिसाळाचंच घ्या. १६८९ साली रायगड पडला आणि वाईच्या देशमुखीपायी गड त्यानंच दिला, असं लोक म्हणतात. ते कितपत खरं यावर अभ्यासक भांडत बसलेत, पण तोवर त्याच्या नावाची शिवी होऊन गेली. शिवीवर अपील चालत नाही.

त्यापेक्षा बाळाजीपंत नातूंचा कित्ता गिरवा. १७ नोव्हेंबर १८१७ ला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढवलं, जहागीर पदरात पाडून घेतली, पुढं साताऱ्याच्या गादीच्या कारस्थानातही नाव गाजलं. १८३९ ला प्रतापसिंह महाराजांना काशीला धाडलं गेलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि तेराचौदा वर्षं उंबरे झिजवून हात हलवत परत आले. आता राजद्रोही कोण ठरलं? १८५७ ला साताऱ्यात गेंडामाळावर सतरा जणांना मारलं, काहींना फासावर, काहींना तोफेच्या तोंडी. त्यात रंगो बापूजींचा मुलगाही होता. पंतांवर फितुरीचा खटला भरायला कोण बसलं होतं?

म्हणजे मुहूर्त महत्त्वाचा. ऑक्टोबर १९४५ मध्ये नॉर्वेनं क्विसलिंगला गोळ्या घातल्या, कारण तो जर्मनांना मिळाला होता. पुढच्याच महिन्यात लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेचे शाहनवाज, सहगल आणि धिल्लन उभे, कलम १२१, राजाविरुद्ध युद्ध. राजा कुणाचा, हे विचारायचं नसतं. जन्मठेप सुनावली खरी, पण देश इतका खवळला होता की सरसेनापतीनंच ती माफ केली.

रेडिओच्या नादी मात्र लागू नका. बर्लिनहून इंग्रजांना टोमणे मारणारा विल्यम जॉइस जन्मानं अमेरिकन होता, पण खोटी माहिती भरून ब्रिटिश पासपोर्ट काढलेला. त्या पासपोर्टापायीच तो राजद्रोहात अडकला आणि जानेवारी १९४६ ला फासावर गेला. आपल्याकडं खोट्या दाखल्यावर माणसं बिनघोर रिटायर होतात. नशीब एकेकाचं.

बोलण्यापेक्षा सही करा. फ्रान्सचा मोरीस पापाँ बोर्दोच्या कचेरीत बसून ज्यूंना जर्मनांच्या छळछावण्यांकडं धाडायच्या कागदांवर सह्या करायचा. युद्धानंतर पॅरिसचा पोलीसप्रमुख झाला, मग मंत्री. शिक्षा लागली १९९८ ला, वय ८७. दहा वर्षांची होती, २००२ ला तब्येतीच्या कारणानं सुटका. सरकारी फायलीच्या वेगाची निंदा करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

फक्त एक धोका सांभाळा, तो म्हणजे गाव. त्रेचाळीस ते सेहेचाळीस इकडं इंग्रजांना न जुमानणारं प्रतिसरकार होतं, कुंडलच्या बाजूला तर फारच जोरात. पोलिसांना खबर दिली की रात्री दारावर थाप, उसात नेऊन पालथं पाडायचं आणि तळपायांवर काठ्या. बॅरिस्टर नाही, पुढची तारीख नाही. याला पत्री म्हणत. एकदा मारली की चाल बदलायची ती कायमची.

आमच्या गल्लीत एक आजोबा तसे टाचांवर चालायचे, निखाऱ्यावरून चालल्यासारखे. पंधरा ऑगस्टला शाळेत त्यांच्यासाठी पहिल्या रांगेत लोखंडी खुर्ची असायची, कारण फार वेळ उभं राहवत नसे. नवे गुरुजी, गावाबाहेरचे, आम्हाला सांगायचे, "बघा रे, स्वातंत्र्याच्या लढ्यात या पायांचं काय झालं!" आजोबा मान खाली घालून पेढा घ्यायचे. खोटं काय होतं म्हणा त्यात.

आमची आजी मात्र ते दिसले की बोळ बदलायची. पाणी भरून येत असली, डोक्यावर दोन घागरी असल्या, तरी लांबच्या वाटेनं. तिचा भाऊ त्रेचाळीस साली आमच्याच माळ्यावरून पकडून नेला होता.