पट्ट्यांची लांबी आधी, मोजमाप नंतर

व्हीएनएने (उच्च वारंवारतेचे सिग्नल मोजणाऱ्या यंत्राने) सर्किट बोर्डावरचे भाग मोजण्याबद्दलच्या लेखातलं 'केबलच्या टोकाला किट लावून कॅलिब्रेशन केलं की पुरे' हे वाक्य मला अजिबात पटलं नाही. त्याने फक्त केबल वजा होते. एसएमए कनेक्टर (केबल बोर्डाला जोडणारा छोटा जोड) आणि बोर्डावरचा ट्रेस (तांब्याची पट्टी) मोजमापात तसाच राहतो. ५ गिगाहर्ट्झच्या पुढे तोच सगळा घोळ घालतो.

त्यासाठी टीआरएलची (थ्रू-रिफ्लेक्ट-लाइन या कॅलिब्रेशन पद्धतीची) मानकं, म्हणजे तुलनेसाठीच्या पट्ट्या, बोर्डाच्या त्याच पॅनेलवर, त्याच कनेक्टरने काढा. १ ते ८ गिगाहर्ट्झसाठी लाइन (दोन पोर्टमधली लांब पट्टी) ही थ्रूपेक्षा (दोन पोर्ट थेट जोडणाऱ्या छोट्या पट्टीपेक्षा) पट्ट्याच्या मध्यावर, म्हणजे ४.५ गिगाहर्ट्झला, सिग्नलच्या फेजमध्ये ९० अंशांनी लांब हवी. एफआर-४ (नेहमीचं बोर्डाचं साहित्य) वरच्या मायक्रोस्ट्रिपला (खाली ग्राउंडचा थर असलेल्या पट्टीला) हा फरक साधारण ९.३ मिमी येतो. माझ्या पहिल्या बोर्डावर ९ गिगाहर्ट्झजवळ आलेख काट्यासारखा उसळला. दोन दिवस मी कनेक्टर पुन्हा पुन्हा सोल्डर करत बसलो. दोष लांबीचा होता! तिथे फरक १८० अंश होतो आणि गणितच कोलमडतं. २० ते १६० अंशांतच राहा.

रिफ्लेक्टची (सिग्नल परत फिरवणाऱ्या उघड्या किंवा शॉर्ट टोकाची) नेमकी किंमत माहीत नसली तरी चालतं, मात्र दोन्ही पोर्टना तो सारखाच हवा. आणि एचिंगमध्ये (तांबं कोरून पट्ट्या काढताना) लाइनचा इम्पिडन्स ४७ ओहम झाला, तर तुमच्या मोजमापाचा संदर्भही ४७ च होतो, ५० नाही. लेखात हे यायलाच हवं होतं.